ओटावाचा गोठलेला कालवा: स्केट घेऊन निघणाऱ्यांसाठी

कॅनडाच्या राजधानीतल्या, म्हणजे ओटावातल्या, रिडो कालव्यावर स्केटिंगला जायचं असेल तर आधी एवढं पक्कं करा: हॉटेलचं बुकिंग तुमच्या हातात आहे, बर्फ नाही. २०२२-२३ च्या हिवाळ्यात हा ७.८ किलोमीटरचा पट्टा एक दिवसही उघडला नाही. १९७१ पासून असं पहिल्यांदाच झालं. बर्फ साधारण ३० सेंटिमीटर जाड आणि घट्ट झाल्याशिवाय लोकांना वर सोडत नाहीत. म्हणून आम्ही टोरांटोहून निघालो ते जानेवारीअखेर, थंडी पडल्याची खात्री करून आणि ऐन वेळी रद्द करता येईल अशी खोली घेऊन. कालव्यावर हिरवा झेंडा म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद.

सकाळी लवकर जा. रात्री बर्फाला भोक पाडून खालचंच पाणी पंपाने वर पसरवतात, ते गोठलं की वरचा थर गुळगुळीत होतो. दुपारपर्यंत स्केटची हजारो पाती फिरून त्याचा भुगा होतो. लांबीच्या दिशेने गेलेल्या चिरांकडे मात्र सकाळीही लक्ष हवं. पातं चिरेत बसलं की पाय तिथेच राहतो आणि आपण पुढे जातो. गुडघे वाकवून ठेवा, नजर चार-पाच मीटर पुढे.

कालव्यावरच्या डाऊज लेक या तळ्यापासून सुरुवात केलेली बरी. स्केट भाड्याने मिळतात, कपडे सावरायला जागा आहे, ओ-ट्रेनचं, म्हणजे शहरातल्या रेल्वेचं, स्टेशनही जवळ. निघताना वारा कुठून येतोय ते बघा. पाठीवर वारा घेऊन मजेत निघालेली माणसं परतीला तोच तोंडावर घेतात, तेव्हा मफलर नाकापर्यंत नसेल तर डोळ्यांतून पाणी येतं.

वाटेत ‘बीव्हरटेल’ खायचंच. तळलेली लांबट पोळी, वर साखर-दालचिनी. अंड्याचं विचारून घ्या.

ज्यांना उभंच राहता येत नाही त्यांनी थेट कालव्यावर येऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे धरायला कठडा नाही. आधी सिटी हॉलसमोरच्या ‘रिंक ऑफ ड्रीम्स’ या स्केटिंगच्या बर्फाळ मैदानावर (रिंकवर) जा. ती यंत्राने गोठवलेली आहे, प्रवेश फुकट, आणि कालवा बंद असला तरी बऱ्याचदा सुरू असते. गल्लीबोळातल्या बागांमध्येही शेजारीपाजारी पाणी ओतून रिंक तयार करतात. शिकायला त्या सगळ्यांत उत्तम. तिथली शाळकरी पोरं न विचारता थांबायचं कसं ते दाखवतात.

हॉकीचे स्केट नेहमीच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान लागतात. आत एकच पातळ मोजा घाला. दोन जाड मोजे चढवले की टाच सैल पडते, घोटा लचकतो, शिवाय रक्त अडून बोटं उलट जास्त गारठतात. नाडी घोट्याशी करकचून आवळा, पंजाशी जरा ढिली ठेवा. मुलांना हेल्मेट, मोठ्यांनाही चालेल. आपले बूट पाठीवरच्या सॅकमध्ये घ्या, म्हणजे थकाल तिथल्या जिन्याने वर येऊन बस पकडता येते.