चाकाची घूं घूं: बेरिंग बदलायच्या आधी

पिकअपच्या चाकातून घूं घूं यायला लागली की गॅरेजवर पहिला शब्द निघतो, 'बेरिंग गेलं'. कधी खरंच गेलेलं असतं. कधी नवं बेरिंग बसवून गाडी रोडला लागते आणि आवाज जिथल्या तिथेच. टायर आणि बेरिंग, दोन्हींचे आवाज वेगाबरोबर चढतात, कानाला सारखेच वाटतात. म्हणून पाना हातात घेण्याआधी दोघांना वेगळं काढा.

गाडी रिकामी करा, सरळ मोकळा रस्ता बघा. ५०-६० च्या वेगात क्लच दाबून इंजिन आयडलवर येऊ द्या. आवाज तसाच राहिला तर इंजिन सुटलं. उरले टायर, बेरिंग, मागे जाणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटचा क्रॉस किंवा डिफरन्शियल (मागच्या अॅक्सलमधला गिअरचा गोळा). मग त्याच वेगात डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर या. सूर बदलला तर टायरवर संशय धरा. बेरिंगला खालचा रस्ता कळत नाही. त्यानंतर स्टिअरिंग अगदी हलकं डावी-उजवीकडे द्या. गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डाव्या चाकांवर जातो; आवाज तेव्हाच वाढत असेल तर बहुधा डावं बेरिंग. मागे-पुढे गाडी असताना हा प्रयोग नको.

टायर हाताने तपासतात, डोळ्याने नाही. ट्रेडवरून, म्हणजे टायरच्या नक्षीवरून, तळहात एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट्या दिशेला करवतीच्या दात्यांसारखं लागलं की आवाज तिथलाच, आणि अलाइनमेंट बघायला हवी. जागोजागी खोलगट झिजलं असेल तर शॉक अॅब्सॉर्बर तपासा. पुढचे टायर मागे टाकून बघा. आवाज मागे गेला तर बेरिंगचे पैसे वाचले.

आपल्याकडे आणखी एक भानगड असते, काळ्या मातीची. पावसाळ्यात पांदणीतून गाडी काढली की चिखल रिमच्या आतल्या बाजूला थापला जातो आणि वाळून विटेसारखा कडक होतो. मग वेगात स्टिअरिंग थरथरतं. तो चिखल खरवडून काढल्याशिवाय पुढचं काही ठरवू नका. पोत्याची सुतळी, ठिबकच्या नळीचा तुकडा किंवा पऱ्हाटीची काडी हबमागे, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागामागे, अडकते. सुतळी ऑइल सीलमध्ये (ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबराची कडी) शिरली की सील कापते, आणि पुढच्या ओढ्याचं पाणी थेट ग्रीसमध्ये. डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकला तर पत्रा घासल्यासारखी किंचाळी येते. पत्रा थोडा वाकवला की खडा पडतो.

हळू चालताना खट-खट येत असेल तर बाकी सगळं सोडून आधी चाकाचे नट बघा. नटाभोवती गंजाचे ओघळ दिसले तर नट ढिला आहे. रिमची भोकं लांबट झाली असतील तर ती रिम पुन्हा वापरू नका.

आता जॅक. शेतात लावायचा तर खाली जाड फळी हवी, काळ्या मातीत जॅक बसत जातो. दुसऱ्या चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घ्या. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालू नका. पुढचं चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवा. ढिल जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ढिल गेली तर बेरिंगची होती. राहिली तर किंगपिन किंवा बॉल जॉइंटची, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या सांध्याची. ३ आणि ९ वर धरूनच ढिल लागली तर टाय रॉडचं, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचं, टोक. नंतर एक हात कमानपाट्यावर किंवा स्प्रिंगवर ठेवून चाक फिरवा. खराब बेरिंगची खरखर कानाआधी हाताला कळते.

पुढच्या हबमध्ये टेपर (निमुळत्या रोलरचं) बेरिंग असेल तर ते डिझेलने धुऊन, पुसून, वाळवून बघा. रोलरवर किंवा वाटीत (रोलर ज्यात फिरतात ती बाहेरची कडी) खड्डे, निळसर डाग, ओरखडे यातलं काहीही दिसलं तर बेरिंग वाटीसकट बदला. जुन्या वाटीत नवं बेरिंग बसवणं म्हणजे महिन्या-दोन महिन्यांत तेच काम पुन्हा. ग्रीस पांढरट, ताकासारखं झालं असेल तर पाणी शिरलंय. सील नवंच घ्या. नवं ग्रीस तळहातावर घेऊन बेरिंगच्या रुंद बाजूने दाबा, रोलरमधून दुसरीकडे बाहेर येईपर्यंत. हब मात्र ग्रीसने ठासून भरू नका, तापतं.

सगळ्यात जास्त चूक बेरिंग धरणारा हबचा नट आवळताना होते. हब फिरवत फिरवत नट आवळा म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट मोकळा करून पुन्हा नुसत्या बोटांनी बसवा आणि नट अडवणारी पिन नवी घाला. नेमका ताण कंपनीच्या पुस्तकात बघा. 'अजून थोडं' म्हणून जोर लावला की बेरिंग जळतं.

मागचा आवाज फक्त भरलेल्या गाडीत येत असेल तर टायर कुठे घासतोय का आणि पाट्यांचे यू-बोल्ट ढिले आहेत का ते आधी बघा. गाडीची क्षमता दीड टन असेल तर ते १५ क्विंटल. त्यावर २५ क्विंटल सोयाबीन चढवलं तर मागचं बेरिंग किती दिवस तग धरेल? ड्रमजवळ गिअर ऑइलचा ओघळ दिसला तर अॅक्सलचं सील गेलंय. तेल लागलेले ब्रेकचे लायनर धुऊन परत बसवू नका.

काम झालं की १०-१५ किलोमीटर चालवा, जोरात ब्रेक न मारता थांबा आणि डाव्या-उजव्या हबजवळ हाताची पालथी बाजू नेऊन बघा. उन्हाळ्यात दोन्ही तापलेलेच असतात, बघायचा तो दोघांतला फरक. चाकाचे नट ५०-१०० किलोमीटरनंतर समोरासमोरच्या क्रमाने पुन्हा आवळा.