कोल्हापूरला कधी यायचं?

महाद्वार रोडला आमचं ओटीच्या सामानाचं दुकान आहे. बाहेरगावचं गिऱ्हाईक ओटी बांधून घेता घेता हमखास विचारतं, "इकडं यायला चांगला सीझन कुठला हो?" गर्दी असते, म्हणून मी "कधीपण या की" म्हणून मोकळा होतो. परवा एका मावशींनी मात्र सोडलं नाही. "कधीपण म्हणजे कधी?" तर मावशी, तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो. दसरा होऊन जाऊ दे, मग या.

पुष्कळजण तुम्हाला पावसाळा सांगतील. राधानगरी, गगनबावडा, हिरवंगार डोंगर. सगळं खरं, पण पावसाळा काय असतो ते कुंकवाला विचारा. झाकण कितीही घट्ट लावा, सादळतंच, गोळे होतात. आमचे वडील भाद्रपद सरत आला की रोज सकाळी चिमूटभर कुंकू बोटांत चोळून बघायचे. ते सुटं, भुरभुरीत पडलं की म्हणायचे, "गेला पाऊस." चुकायचेही. चार दिवसांनी भर दुपारी परतीचा पाऊस गडगडत यायचा आणि बाहेर मांडलेलं सगळं भिजवून जायचा. मग आई काही न बोलता फक्त त्यांच्याकडं बघायची.

नवरात्रात येऊ नका, असं मी धंदेवाल्यानं म्हणू नये. पण तेव्हा तुम्हाला रांग दिसेल, गाव दिसणार नाही. ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, तिथं कोहळा फोडतात. त्या कोहळ्याच्या तुकड्यासाठी जी झुंबड उडते, ती लांबूनच बघितलेली बरी.

माझी भाची परदेशात असते. या दिवसांत ती लालपिवळ्या पानांचे फोटो पाठवते आणि विचारते, "मामा, तुमच्याकडं असलं काय असतं?" आमची पानगळ फाल्गुनाच्या आसपास, आणि तिचं कुणाला कौतुक नाही. शरदातलं आमचं पान म्हणजे आपट्याचं. ते गळायची वाट कोण बघतो? दसरा चौकात सोनं लुटायचं म्हणून आधीच फांद्याच्या फांद्या ओरबाडून आणलेल्या असतात.

ऑक्टोबरचं ऊन वाईट. दुकानात पंख्याखालीसुद्धा घाम, पहाटे मात्र पांघरूण शोधायचं, आणि घरात एकजण तरी खोकत असतो. 'वैद्यानां शारदी माता' म्हणणाऱ्याचं दुकान नक्की दवाखान्याशेजारी असणार.

दिवाळीच्या सुमारास हवा उतरते. सासुरवाडीला गेलो की शिवारात गुऱ्हाळं पेटलेली असतात. चुलवाणात वाळकी चिपाडं धडधडतात, काहिलीत रस उकळून वर येत असतो, आणि गुळव्या कुणाशी बोलत नाही, कारण पाक उतरवायची घटका चुकली तर सगळं आदण वाया. ती गरम काकवी भाकरीबरोबर खा. एवढ्यासाठीसुद्धा आलात तरी चालेल.

पण माझी खरी तारीख ९ नोव्हेंबर. अंबाबाईचं तोंड पश्चिमेला. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं, गरुड मंडपातून सरकत गाभाऱ्यात पोचतं. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी मधल्या अंगावर, तिसऱ्या दिवशी मुखावर. तसंच पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेला सगळ्यात लांब जातो आणि उलटा फिरतो. जाताना जिथून ऊन टाकतो, येताना तिथंच परत येतो, म्हणून किरणोत्सव वर्षातून दोनदा.

देवळातले दिवे मालवतात. एरवी भावावरून हुज्जत घालणारं आमचं कोल्हापूर एकदम गप्प होतं. सगळे फरशीवरची उन्हाची कड बघत असतात. मध्येच एखादा ढग आडवा येतो, नाहीतर क्षितिजावरची धूळच ऊन खाऊन टाकते, आणि किरणं पायांपर्यंत येऊन विझतात. मग बाहेर पडताना जो तो हवामानतज्ज्ञ. मी तेवढ्यासाठी शटर अर्धं ओढून जातो. वडीलही जायचे, फक्त गल्ल्याची किल्ली कमरेला खोचून.

तर मावशी, चारच्या आत या. नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. आणि ओटी आमच्याकडूनच घ्या, कुंकू तेव्हा अगदी सुटं असतं.