‘येशू म्हणजेच पिता’ असे म्हणण्यापूर्वी

नाशिकमधील शरणपूर आणि आसपासच्या ख्रिस्ती वस्तीतील घरगुती प्रार्थनासभांत एक वाक्य नेहमी कानावर पडते: ‘हे स्वर्गीय पित्या, तू आमच्या पापांसाठी वधस्तंभावर प्राण दिलास, म्हणून आम्ही तुझे उपकार मानतो.’ अशी प्रार्थना करणारी व्यक्ती बहुधा तीन-चार पिढ्यांच्या ख्रिस्ती घराण्यातली आणि दर रविवारी न चुकता उपासनेला जाणारी असते; ती मनापासून बोलत असते आणि भोवती बसलेले आम्ही सारे तितक्याच मनापासून ‘आमेन’ म्हणतो. परंतु हेच आम्ही प्रभुभोजनाच्या वेळी उभे राहून नायसियाचा मतांगीकार, म्हणजे मंडळीच्या विश्वासाची ठरलेली कबुली म्हणतो, तेव्हा वधस्तंभावर खिळला गेला तो पुत्र होता, असे कबूल करतो. पिता मरण पावला, असे मंडळीने कधीही मानलेले नाही.

‘येशू म्हणजेच पिता, त्याच्याहून वेगळा पिता नाही’ असे शिकवणारे प्रचारक अलीकडे आमच्या ओळखीच्या काही घरांत येऊ लागले आहेत. मंडळीतील वडीलधारी माणसे याला बाहेरून आलेले खूळ म्हणतात. मला ते पटत नाही, कारण या शिकवणीसाठी जमीन आपणच नांगरून ठेवली आहे. संडे स्कूलमध्ये त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे वेगळे असूनही देव एकच, हे समजावताना पाणी, बर्फ आणि वाफ यांचा दाखला आपण वर्षानुवर्षे देत आलो. एकच पाणी कधी बर्फ होते, कधी वाफ होते, हे खरे. पण जे पाणी बर्फ झाले आहे ते त्याच वेळी वाफ नसते आणि बर्फ काही वाफेची प्रार्थना करीत नाही. हा दाखला त्रैक्याचा नाहीच. तो तिसऱ्या शतकातील सबेल्लियसच्या मताला तंतोतंत लागू पडतो; एकच देव आधी पिता, मग पुत्र आणि मग पवित्र आत्मा अशी रूपे घेतो, असे ते मत होते. त्याच शतकाच्या आरंभी प्रॅक्सियस नावाच्या अशाच एका शिक्षकाविषयी उत्तर आफ्रिकेतील कार्थेजच्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाने लिहिले की, या गृहस्थाने रोममध्ये सैतानाची दोन कामे केली: पवित्र आत्म्याला पळवून लावले आणि पित्याला वधस्तंभावर चढवले. टर्टुलियनची जीभ तिखट होती, पण दुखणे त्याने नेमके ओळखले होते.

या मताचे आकर्षण मात्र मला समजते. नाशिकसारख्या क्षेत्राच्या ठिकाणी शेजारीपाजारी सहज विचारतात, ‘म्हणजे तुमचेही आपल्या त्र्यंबकेश्वरासारखेच का?’ तेथील ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांची तीन लहान लिंगे त्यांच्या डोळ्यांसमोर असतात. आपण तीन देव मानतो असा समज होऊ नये म्हणून ‘नाही, नाही, देव एकच, आणि तो येशूच’ असे उत्तर घाईघाईने आपल्या तोंडून निघते आणि पिता व पुत्र हा भेदच त्यात पुसला जातो. शिवाय वचनाचा आधारही हाताशी असतो. ‘मी आणि पिता एक आहोत’ असे येशू योहानाच्या दहाव्या अध्यायात म्हणतो आणि ‘ज्याने मला पाहिले आहे त्याने पित्याला पाहिले आहे’ असे चौदाव्या अध्यायात फिलिप्पाला सांगतो. त्याच चौदाव्या अध्यायात ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ हेही आहे, आणि पुत्राला पित्याहून कमी मानणारे, दारोदार येणारे यहोवाचे साक्षीदार नेमके तेच वचन उघडून दाखवतात.

पुत्र हा निर्माण केलेला आहे, या आलेक्सांद्रियाच्या एरियस नावाच्या धर्मगुरूच्या मताला नायसियाच्या परिषदेने इ. स. 325 मध्ये नकार दिला आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असे ठरवले. इथेच वाद मिटला, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात पुढची पन्नासहून अधिक वर्षे तो चालला आणि त्याचे एक कारण असे की, पूर्वेकडील अनेक बिशपांना ‘एकतत्त्व’ या शब्दात सबेल्लियसचाच वास येत होता. ही शंका निराधार नव्हती. नायसियाचा खंदा पुरस्कर्ता असलेल्या अंकाराचा बिशप मार्सेलस याने असे शिकवले की, शेवटी सर्व काही देवाच्या अधीन झाल्यावर पुत्राचे राज्य संपेल. त्याचा आधार करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायाचा होता. सन 336 मध्ये त्याला पदावरून दूर करण्यात आले. आपण आज मतांगीकारात ‘त्याच्या राज्याचा अंत होणार नाही’ हे शब्द म्हणतो, ते 325 च्या मूळ मसुद्यात नाहीत. 381 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडलेल्या मतांगीकारात ते आले आणि त्यांचा रोख मार्सेलसच्या शिकवणीवर होता. म्हणजे पुत्र हे पित्याने काही काळ घेतलेले रूप नव्हे, ही कबुली आपण उपासनेत देत असतो. तिच्याकडे लक्ष मात्र फारसे कोणाचे नसते.

माझ्यापुरता हा प्रश्न गेथशेमानेत, म्हणजे वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशूने जिथे प्रार्थना केली त्या बागेत, सुटतो. ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ असे येशू म्हणतो, तेव्हा ऐकणारा कोणीतरी आहे, हे मान्य केल्याशिवाय त्या प्रार्थनेला अर्थ उरत नाही. ती स्वतःशीच चाललेली असेल, तर त्या रात्रीचे सारे दुःख एक नाटक ठरते. असे ठरवणारी कोणतीही शिकवण, तिने देवाचे एकत्व कितीही निष्ठेने जपले तरी, मला स्वीकारता येत नाही.

प्रश्न विचारणाऱ्यांना दटावावे असे मात्र मला मुळीच वाटत नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही त्रैक्याविषयीच्या आपल्या शंका तेथील सिस्टर जेराल्डीन यांना पत्रांतून निर्भीडपणे कळवल्या. मराठी ख्रिस्ती माणसाने हा वाद अंगावर घेण्याची ती काही लहान घटना नव्हती, आणि आपल्या बायबल अभ्यासवर्गांत तिचा उल्लेखही होत नाही.

घरात खरी अडचण येते ती बाप्तिस्म्यावरून. येशू म्हणजेच पिता असे सांगणाऱ्या या ‘फक्त येशू’ शिकवणाऱ्यांची आजची चळवळ 1913 नंतर अमेरिकेतील पेंटेकोस्टल मंडळ्यांत उभी राहिली आणि 1916 मध्ये असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकोस्टल संघटनेने त्रैक्याची बाजू घेतल्यावर वेगळी झाली. प्रेषितांच्या कृत्यांतील दुसऱ्या अध्यायात येशूच्या नावाने बाप्तिस्मा घेण्यास सांगितले आहे, म्हणून मत्तयाच्या शेवटच्या अध्यायातील तीन नावांनी दिलेला बाप्तिस्मा पुरा नाही, असे ते सांगतात; मग लहानपणी चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेल्या सुनेला पुन्हा पाण्यात उतरण्याचा आग्रह होतो आणि सासरमाहेरचे संबंध ताणले जातात. चुकीच्या मताच्या लोकांकडून आलेल्यांचे काय करावे, हा प्रश्न 314 मध्ये आर्लच्या परिषदेपुढेही होता. त्यांना मतांगीकार विचारावा आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा झाला असल्याचे दिसले, तर केवळ हात ठेवून त्यांना स्वीकारावे, असा निर्णय तिने दिला. विरोधकांनी दिलेला बाप्तिस्मासुद्धा जर पुन्हा द्यावा लागत नसेल, तर आपल्याच पाळकाने दिलेला बाप्तिस्मा त्या सुनेने पुन्हा का घ्यावा, याचे उत्तर आग्रह धरणाऱ्यांनी आधी द्यावे.