स्क्रीन अस्सल, फोन अस्सल, तरी जुळेना

मागच्या महिन्यात ओट्यापाशी उभी असताना फोन हातातून निसटला आणि स्क्रीनचं पार जाळं झालं. कंपनीच्या केंद्रात दुरुस्तीचा आकडा ऐकून मी तशीच परत फिरले. आम्ही राहतो हिल्सबरोला, ओरेगन राज्यात, पोर्टलंडच्या पश्चिमेला. घराजवळ एका व्हिएतनामी काकांचं दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांच्याकडे माझ्याच मॉडेलचा एक मेलेला फोन होता. पाणी जाऊन बोर्ड गेलेला, पण स्क्रीन लखलखीत. ती त्यांनी माझ्या फोनला बसवली. फोन सुरू झाला, पण खोलीतल्या उजेडाप्रमाणे स्क्रीन आपोआप मंद-प्रखर होईना. वर सूचना झळकली, हा भाग ओळखता येत नाही.

आता गंमत बघा. फोन त्याच कंपनीचा, स्क्रीनही त्याच कंपनीची, नकली काहीच नाही. काकांनी खांदे उडवले आणि म्हणाले, "पार्ट्स पेअरिंग." म्हणजे काय, तर आतल्या भागांना क्रमांक असतात आणि ते सॉफ्टवेअरने त्या एकाच फोनशी बांधलेले असतात. भाग बदलला की कंपनीच्या यंत्रणेने होकार द्यावा लागतो. छत्तीस गुण जुळले तरी लग्नाला गुरुजींची परवानगी हवी, आणि गुरुजी मुलाकडचेच!

पुण्यात आमचा मिक्सर थांबला की बाबा तो पिशवीत घालून तापकीर गल्लीत न्यायचे. कार्बन ब्रश बदलायचा, फारच झालं तर मोटर रिवाइंड करायची. मिक्सरने कधी विचारलं नाही की हा ब्रश कुणाच्या परवानगीने बसवलास.

खरं तर मी योग्य राज्यात राहते. न्यूयॉर्क, मिनेसोटा आणि कॅलिफोर्नियाने दुरुस्तीच्या हक्काचे कायदे आधीच केले होते. सुटे भाग, अवजारं आणि माहितीपत्रकं ग्राहकाला आणि बाहेरच्या दुरुस्तीवाल्यालाही वाजवी अटींवर द्या, असा त्यांचा गाभा. ओरेगनने एक पाऊल पुढे टाकलं. मार्च २०२४ मध्ये गव्हर्नर टीना कोटेक यांनी सही केलेल्या कायद्यात पार्ट्स पेअरिंगलाच चाप लावला आहे. असं करणारं हे अमेरिकेतलं पहिलं राज्य. भाग चालूच द्यायचा नाही, त्याची क्षमता मुद्दाम कमी करायची किंवा दिशाभूल करणाऱ्या सूचना दाखवायच्या, हे तिन्ही बंद. गूगलने या विधेयकाला जाहीर पाठिंबा दिला. ॲपलने आदल्या वर्षी कॅलिफोर्नियाच्या कायद्याला हो म्हटलं होतं, इथे मात्र पेअरिंगच्या कलमाला विरोध केला.

विरोधाची कारणं अगदीच टाकाऊ नाहीत. आमच्या घरात ती बाजू नवरा लढवतो, कारण तो चिपच्या धंद्यातला. चोरलेला फोन आज सुटा करून विकला जातो. भाग एकाच फोनशी बांधलेले असतील तर चोराच्या हाती काय लागणार? भलतीच बॅटरी बसवली आणि ती पेटली, तर नाव कुणाचं खराब होणार? आणि आपली वस्तू कशी बनवायची हे ठरवायचं स्वातंत्र्य बनवणाऱ्याला नको का?

चोरीचा मुद्दा मला पटतो. चोरीला गेल्याची नोंद असलेल्या फोनचा भाग अडवा, माझं काही म्हणणं नाही. पण माझ्या स्क्रीनच्या फोनची चोरीची नोंद नव्हती. तो बिचारा बुडून गेला होता. आणि उजेड कमी-जास्त न झाल्याने कुणाचा जीव वाचतो, हे नवऱ्यालाही सांगता आलं नाही. वस्तू घडवण्याचं स्वातंत्र्य कंपनीचं, कबूल. पण पैसे मोजून ती माझ्या घरात आल्यावर तिच्या आत कुणाला हात घालू द्यायचा हेही कंपनीच ठरवणार असेल, तर मी विकत घेतलं की भाड्याने आणलं?

कायदाही काही सोवळा नाही म्हणा. त्यात सवलतींची यादी आहे. मोटारी आणि वैद्यकीय उपकरणं सोडली तर समजू शकतं. व्हिडिओ गेमचे कन्सोलही सोडलेत. आणि विजेवर चालणारे टूथब्रश! ओरेगनची राजधानी सेलम, तिथल्या विधानभवनात टूथब्रशची बाजू कोण घेऊन गेलं असेल, हे मला अजून कोडं आहे.

आपल्याकडेही डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात घेतली आहेत. दुरुस्तीची माहिती एका जागी मिळावी हा हेतू चांगलाच. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. तापकीर गल्लीतल्या माणसाकडे कसब आहे, पण कुलूप सॉफ्टवेअरचं असेल तर त्याचा स्क्रू ड्रायव्हर काय करणार?

एवढं सगळं वाचून मी ऐटीत काकांच्या दुकानात गेले आणि त्यांना कायदा सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "फोन कधीचा?" मी म्हटलं, २०२२ चा. ते हसले. पेअरिंगवरची बंदी १ जानेवारी २०२५ नंतर तयार झालेल्या उपकरणांनाच लागू आहे.

सूचना आता दिसेनाशी झाली आहे. उजेड मी रोज रात्री बोटाने कमी करते.