सिस्टर निर्मला आणि पदावरून उतरणं

वणीकडच्या आमच्या गावाला मिशनचा दवाखाना आहे. तिथल्या सिस्टर, म्हणजे व्रत घेतलेल्या ख्रिस्ती नन, बहुतेक केरळच्या, पण बोलणं आमचंच. "काहून जी, गोळ्या घेतल्या नाही?" असं म्हाताऱ्यांना दटावतात. त्यांच्यात एक मुख्य असते, तिला सुपीरिअर म्हणतात. मुदत संपली की कालपर्यंत सगळ्यांना कामं वाटून देणारी तीच बाई जखमेवर पट्ट्या बांधायला बसते, आणि दवाखान्यात कुणालाच त्याचं नवल वाटत नाही.

मला वाटतं. मी महिला राखीव जागेवर निवडून आले आणि पाच वर्षं सरपंच होते. पद गेल्यावर चहाच्या टपरीवरही माणूस जागा शोधतो, हे मी जवळून पाहिलं आहे.

म्हणूनच मदर तेरेसांच्या जागी आलेल्या सिस्टर निर्मला जोशी मला फार जवळच्या वाटतात. जन्म 1934, रांचीचा. कुटुंब नेपाळी, हिंदू ब्राह्मण, वडील सैन्यात. मदर तेरेसांचं काम पाहून त्या 1958 साली ख्रिस्ती झाल्या आणि मदरांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटी या संघात गेल्या. राज्यशास्त्रात एम.ए. आणि वर कायद्याची पदवी. एवढं शिकलेल्या बाईनं निळ्या काठाची पांढरी सुती साडी घेतली ती कायमची. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही व्रतं बहुतेक सगळ्याच सिस्टर घेतात. यांच्या संघात चौथंही आहे, गरिबातल्या गरिबाची मनापासून, फुकट सेवा. पुढे त्यांनी पनामातलं काम सांभाळलं. 1976 पासून संघाच्या प्रार्थनामग्न शाखेची, म्हणजे मुख्यतः प्रार्थनेत राहणाऱ्या सिस्टरांच्या शाखेची, जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

या संघात प्रमुख निवडून येते. ठिकठिकाणच्या सिस्टर प्रतिनिधी एकत्र बसतात आणि मतदान करतात. 1990 साली तब्येतीमुळे मदर तेरेसांनी पद सोडायचं ठरवलं होतं, पण सिस्टरांनी पुन्हा त्यांनाच निवडलं. अखेर 13 मार्च 1997 ला निर्मला निवडून आल्या. मदर तेव्हा हयात होत्या. त्या सप्टेंबरात गेल्या.

असल्या माणसाच्या जागी बसायचं म्हणजे काय, याचा मी खूप विचार केला आहे. आमच्या गावात आधीचा सरपंच चांगला निघाला, तर नव्याच्या हाताला पाच वर्षं यश नाही असं लोक धरूनच चालतात. निर्मलाबाईंनी मात्र पहिल्यापासून सांगितलं की मला 'मदर' म्हणू नका, मी सिस्टरच. मान आपल्याकडे ओढून घेतला नाही आणि कामही थांबू दिलं नाही. यातच त्यांचं मोठेपण आहे, असं मी मानते.

बारा वर्षं त्यांनी संघ चालवला. 2009 साली पद्मविभूषण मिळालं आणि त्याच वर्षी त्या पदावरून उतरल्या. त्यांच्या जागी जर्मनीच्या सिस्टर प्रेमा आल्या. निर्मला कोलकात्यातच राहिल्या, 23 जून 2015 ला गेल्या.

आता गावात सरपंच आहे ती दुसऱ्या पॅनेलची सून. निवडणुकीत आमच्या घरांचं बोलणं बंद झालं होतं. तरी नळयोजनेचं जुनं बिल कुठं अडलं, ते विचारायला ती परवा आली, तेव्हा मी सगळे कागद काढून तिच्यापुढे ठेवले. सासूला सांगू नको म्हणाली. नाही सांगितलं.