मॅरियन बेटावरील जखमी पिल्लू

पक्षी-सर्वेक्षणाच्या कामासाठी मी एक हिवाळा मॅरियन बेटावर होतो. दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातील हे ज्वालामुखी बेट केप टाउनपासून सुमारे 2,000 किलोमीटर आग्नेयेला आहे. जगातील साधारण एक चतुर्थांश वॉन्डरिंग अल्बाट्रॉस येथे घरटी करतात. 3 मीटरहून अधिक पंखविस्तार असलेला हा पक्षी आज ‘असुरक्षित’ गणला जातो.

जुलैतील एका सकाळी आम्ही पिल्लांची नेहमीची पाहणी करीत होतो. मार्चमध्ये अंड्यातून बाहेर आलेली ही पिल्ले डिसेंबरच्या सुमारास उडेपर्यंत चिखल आणि गवताच्या उंचवट्यावर, बर्फवाऱ्यात, एकटीच बसून असतात. आई-वडील अन्नासाठी समुद्रावर दूरदूर जातात आणि कित्येक दिवसांनी परततात. उतारावरच्या एका घरट्यातील पिल्लू दुरूनच वेगळे वाटले, कारण त्याच्या करड्या-पांढऱ्या पिसांवर मानेपर्यंत लाल ओघळ होते. जवळ गेल्यावर दिसले, की डोक्यावरची कातडी सोलली गेली होती आणि जखमेच्या कडा बारीक दातांनी कुरतडल्यासारख्या होत्या. हे काम उंदरांचे होते.

माझी चाहूल लागताच त्या पिल्लाने चोच कटकट वाजवून मला दटावले. आकाशातून येणाऱ्या शिकारी पक्ष्यालाही ते असेच दटावते. परंतु रात्री डोक्यावर चढून बसणाऱ्या उंदरासाठी त्याच्याजवळ कोणतीही प्रतिक्रिया नाही. त्याचे पूर्वज जमिनीवरील सस्तन शिकारी नसलेल्या बेटांवर वाढले, त्यामुळे घरट्यात स्थिर बसून राहणे हेच त्यांच्यासाठी सुरक्षित होते. आज तेच स्थिर बसणे त्याच्या जिवावर उठले आहे.

दुपारी त्याचा एक पालक उतरला. पिल्लाने रक्ताळलेले डोके पुढे करून त्याच्या चोचीला टोचे मारले आणि स्क्विड व तेलाचे मिश्रण अधाशीपणे गिळले. पालकाने जखमेकडे पाहिल्याचे मला जाणवले नाही. काही वेळाने तो वाऱ्यावर झेपावून निघून गेला. दूरच्या समुद्रातून अन्न आणण्याची एवढी ताकद असलेला हा पक्षी घरट्यावरच्या मुठीत मावणाऱ्या प्राण्यापुढे हतबल ठरतो, ही गोष्ट मला त्या दिवशी सर्वांत अधिक बोचली.

उंदीर इथे 19व्या शतकाच्या सुरुवातीस सील-शिकाऱ्यांच्या जहाजांतून आले. त्यांच्या बंदोबस्तासाठी 1949 मध्ये आणलेल्या पाच मांजरांची संख्या पुढे इतकी वाढली, की 1970 च्या दशकात ती वर्षाला सुमारे 4,50,000 बिळांत राहणारे समुद्रपक्षी मारीत होती. मांजरांचे उच्चाटन 1991 मध्ये पूर्ण झाले. मांजरे ठेवली असती तर बरे झाले असते, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ती टिकली असती तर बिळांतील पक्षी उरलेच नसते. हवामान उबदार होत गेल्याने उंदरांचा विणीचा काळ लांबला, किडे कमी झाले आणि 2003 मध्ये पिल्लांवरील हल्ले प्रथम आढळले. 2023 मध्ये तर प्रौढ वॉन्डरिंग अल्बाट्रॉसही त्यांनी मारला.

आम्ही छायाचित्रे घेतली, घरट्याची नोंद केली आणि पुढील दिवसांत तिथे वारंवार गेलो. जखम दर रात्री वाढत होती, त्यामुळे औषध लावून काही साधणार नव्हते. अखेर पिल्लू मेले. वर्षातून एकच अंडे घालणाऱ्या, आणि पिल्लू यशस्वीपणे वाढले तर दोन वर्षांतून एकदाच वीण करणाऱ्या पक्ष्यासाठी ही हानी फार मोठी असते. या बेटावर उपाय एकच आहे: हेलिकॉप्टरमधून संपूर्ण बेटावर विषारी आमिष टाकणे, आणि तेही असे, की एकही उंदीर उरता कामा नये, कारण गाभण असलेली एक मादी उरली तरी सारे श्रम पाण्यात जातील. हे काम महागडे आहे, तरी दक्षिण जॉर्जियासारख्या याहून कितीतरी मोठ्या बेटावर ते यशस्वी झाले असून ते बेट 2018 मध्ये उंदीर-घुशींपासून मुक्त जाहीर झाले. मॅरियनसाठी त्याची तयारी चालू आहे, आणि ती लांबेल त्या प्रत्येक हिवाळ्यात आणखी पिल्ले अशीच बसल्या जागी मरतील.