टोपात जव निघाले तो दिवस

सकाळी साडेनऊला झाकण काढून झारा फिरवला, तर तो जड गेला. स-शन-थांग हे किंचित दुधाळ पण पाण्यासारखं वाहणारं सूप. आमच्या टोपात मात्र पेज झाली होती. झाऱ्यावरून तार सुटत होती आणि तळाला खरवड धरली होती. अकराला दुकान उघडायचं होतं.

तैपेईच्या जुन्या दादाओचंग भागात आमची लहानशी खानावळ आहे. शेजारचा दीहुआ रस्ता वनौषधी आणि सुक्या मालाच्या दुकानांसाठी नावाजलेला, त्यामुळे माल हाताशीच मिळतो. सूपाच्या नावाचा अर्थ ‘चार देव’. मूळ नाव ‘चार मंत्री’ होतं असं सांगतात. तैवानी होक्येन बोलीत मंत्री आणि देव या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘सिन’, म्हणून मंत्र्यांचे देव झाले. चौघे असे: कमळाच्या बिया, वाळवलेल्या चिनी कोनफळाच्या चकत्या म्हणजे हुआयशान, पाइनच्या मुळांवर वाढणारी फूलिंग ही पांढरी बुरशी, आणि छ्यानशी. छ्यानशी म्हणजे आपला मखानाच, पण न फोडलेला. त्याच्या जागी लाह्या झालेला मखाना टाकून बघू नका, त्याचा कापसासारखा लगदा होतो.

तैवानच्या टपऱ्यांवर मात्र वाटीत सर्वांत जास्त दिसतो तो पाचवा दाणा, यीरेन, म्हणजे ‘जॉब्स टिअर्स’ हे सोललेलं धान्य. चौघांपेक्षा तो स्वस्त, पोट भरणारा आणि चवीला निरुपद्रवी. कित्येक ठिकाणी चौघांपैकी दोघे गैरहजर असतात आणि यीरेनच भरपूर असतो. नावात नसलेलाच टोपाचा मालक, आणि त्या दिवशी घोटाळा त्याच्यातच झाला.

आदल्या रात्री भिजवलेल्या दाण्यांतला मूठभर उरला होता. तो ताटलीत पसरला आणि उत्तर समोर आलं. खरा यीरेन वाटाण्याएवढा, बसका, आणि त्याच्या एका बाजूला रुंद, खोल, तपकिरी खाच असते. ताटलीतले दाणे लहान, लांबट, अंगावर बारीक रेघ. ते सोललेले जव होते. दुकानदाराने फसवलं म्हणावं तर तसंही नाही. पिशवीवर ‘श्याओ यीरेन’, म्हणजे छोटा यीरेन, असं लिहिलेलं होतं आणि तैवानच्या बाजारात या नावाने जवच विकतात. नेहमीचा मोठा यीरेन संपला होता, म्हणून त्याने छोटा दिला. पिशवी फोडून रात्रीच दाणा बघायला हवा होता.

जव यीरेनपेक्षा लवकर शिजतात आणि त्यांच्यातला बीटा-ग्लुकन हा तंतू पाण्यात सुटून सूप घट्ट करतो. दीड तास उकळल्यावर खळ होणारच. यीरेन तेवढ्या वेळात बोटचेपा होतो, पण आकार सोडत नाही. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. जवात ग्लुटेन असतं, यीरेनमध्ये नसतं. गहू-जव वर्ज्य असलेली माणसं हे सूप निर्धास्त पितात, म्हणून पाणी घालून पातळ करून विकण्याचा प्रश्नच नव्हता. टोप ओतून दिला.

वाचली ती आतडी. डुकराचं लहान आतडं आम्ही वेगळ्या टोपात शिजवतो आणि वाढताना एकत्र करतो. ही साफसफाई म्हणजे या सूपाचं अर्धं काम. काडीने ढकलून आतडं उलटं करायचं, अर्ध्या किलोला तीन चमचे तांदळाचं पीठ आणि एक चमचा मीठ लावून तीन-चार मिनिटं चोळायचं, धुवायचं. पाणी निवळ येईपर्यंत हेच पुन्हा. मग आल्याचे तुकडे घातलेल्या पाण्यात पाच मिनिटं उकळून ते पाणी फेकायचं. आतली चरबी सगळी खरवडू नये, नाहीतर आतडं रबरासारखं लागतं. त्यानंतर नव्या पाण्यात मंद आचेवर तास-सव्वा तास. वास राहिला तर तो आले-दारूने झाकला जात नाही, चोळण्यातच कसर राहिलेली असते.

मोठा यीरेन दुसऱ्या दुकानातून आणला, पण भिजवायला रात्र कुठे होती? उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, आच बंद, झाकण घट्ट, पाऊण तास तसाच. मग पुन्हा आचेवर तासभर. रात्रभर भिजवल्याची सर येत नाही, गाभ्यात थोडा कडकपणा राहतो, तरी चालण्याजोगं होतं. छ्यानशी त्याच्याबरोबरच गेली, कारण तीही हट्टी. कमळाच्या बिया शेवटच्या चाळीस मिनिटांत. प्रत्येक बी उघडून आतला हिरवा कोंब काढलाय ना ते पाहायचं. थोडे कोंब राहिले तरी सूप कडवट होतं. मीठ अगदी शेवटी.

पुन्हा फजिती नको म्हणून उरलेला मालही तपासला. हुआयशानच्या नावाखाली कसाव्याच्या चकत्या खपवतात. कसाव्याच्या चकतीत मधोमध दोरा असतो, कोनफळाच्या चकतीत नसतो. चकत्या खडूसारख्या पांढऱ्याफेक असतील आणि जिभेला आंबट लागल्या तर गंधकाची धुरी दिलेली समजावी. किंचित पिवळट असलेल्याच घ्याव्यात. फूलिंग कितीही शिजवली तरी मऊ होत नाही. बारीक तुकडे करायचे, बाकी तक्रार नाही.

घरी चार-पाच माणसांसाठी यीरेन १०० ग्रॅम, कमळबी, छ्यानशी आणि हुआयशान प्रत्येकी ४० ग्रॅम, फूलिंग ३० ग्रॅम, आतडी अर्धा किलो, पाणी तीन लिटर. आतडी नको असतील तर डुकराच्या बरगड्या किंवा कोंबडी चालते.

चिनी वैद्यकात हे सूप ‘पी’साठी. शब्दशः प्लीहा, पण अर्थ आपल्या अग्नीजवळचा: अन्न पचवून अंगात ताकद भरणारी व्यवस्था. पोट फुगणं, पातळ शौच, जेवल्यावर येणारा थकवा, अशा तक्रारींवर ते परंपरेने देतात. कमळबी आणि छ्यानशी स्तंभक मानल्या जातात, म्हणून बद्धकोष्ठ असलेल्यांना आग्रह करत नाहीत. गरोदर बायकांना यीरेन टाळायला सांगतात; आमच्याकडे तशी विचारणा झाली की आम्ही वाटी देत नाही.

दुकान एक वाजता उघडलं. आतडी कात्रीने दोन-दोन सेंटीमीटर कापून वाटीत, वरून सूप, आणि शेवटी तांदळाच्या दारूचे काही थेंब. या दारूत दांगग्वे या चिनी वनौषधीच्या मुळीच्या चकत्या बरेच दिवस मुरवलेल्या असतात. ती उकळत्या टोपात घातली तर वास उडून जातो, म्हणून वाटीतच. राहिलेले दोन किलो जव दुसऱ्या दिवशी हिरव्या मुगाच्या गोड सूपात गेले. तिथे घट्टपणाच लागतो.